इंग्रजीत एक शब्द, पोर्तुगीजमध्ये चार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमुक इंग्रजी शब्दाला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?’ असा एका ओळीचा प्रश्न आला की मला जवळजवळ प्रत्येक वेळी उलट विचारावं लागतं: कुठल्या वाक्यात? शिकणारे, अनुवाद करणारे आणि नुसत्या कुतूहलाने विचारणारे वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला सोपं आहे, पुढे अडचणीचं. एक मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. इथले पोर्तुगीज शब्द देवनागरीत कसे वाचायचे?

शब्द त्यांच्या स्पेलिंगला धरून लिहिले आहेत. शब्दाच्या शेवटी ‘ओ’ असेल तर उच्चारात तो ‘उ’कडे झुकतो, ‘तेंपो’ ऐकताना ‘तेंपु’ वाटेल. ‘ज’ म्हणजे ‘जरा’मधला ज. ‘झ’ मात्र ‘टेलिव्हिजन’च्या मधोमध येणाऱ्या आवाजासारखा, ‘श’चा घोष जोडीदार. पोर्तुगाल आणि ब्राझीलचे उच्चार बरेच वेगळे आहेत, त्यामुळे ही फक्त खूण समजा आणि उच्चार कानांनीच शिका.

2. एका इंग्रजी शब्दाला सरळ एक पोर्तुगीज शब्द का मिळत नाही?

कारण दोन भाषांनी जगाची वाटणी सारखी केलेली नसते. ‘बँक’ घ्या. पैशांची बँक म्हणजे ‘बांको’, नदीचा काठ म्हणजे ‘मार्झें’. इंग्रजीत हे दोन अर्थ एका शब्दात आहेत, पोर्तुगीजमध्ये त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ‘बांको’चा आणखी एक अर्थ आहे: बसायचा बाक. म्हणजे पोर्तुगीज शब्दाचं स्वतःचं वेगळं कुटुंब आहे आणि ते इंग्रजीच्या कुटुंबाशी जुळत नाही.

‘की’ हा शब्दही असाच. कुलपाची ती ‘शावे’, आणि आपली ‘चावी’ याच पोर्तुगीज शब्दावरून आली आहे. पण कीबोर्डची किंवा पियानोची ‘की’ म्हणजे ‘तेक्ला’. तिथे ‘शावे’ लिहिलंत तर वाचणारा कुलूप शोधत बसेल.

3. मग अनुवादाची सुरुवात कुठून करायची?

इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा. हा सल्ला ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण शाळेपासून परकी भाषा इंग्रजीमार्गेच शिकायची सवय लागलेली असते. पण इंग्रजीने एकत्र बांधलेले अर्थ मराठीने कितीतरी ठिकाणी आधीच सुटे केलेले आहेत, आणि पोर्तुगीजनेही नेमके तिथेच.

‘आस्क’ म्हणजे माहिती विचारणं की काही मागणं? विचारणं असेल तर ‘पेर्गुंतार’, मागणं असेल तर ‘पेदीर’. ‘लाइट’ वजनाने हलका असेल तर ‘लेवे’, रंगाने फिकट असेल तर ‘क्लारो’, उजेड असेल तर ‘लुज’. ‘नो’ म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं हे ‘साबेर’, आणि एखाद्याला ओळखणं हे ‘कोन्येसेर’. एवढंच काय, ‘तिची माझी काल ओळख झाली’ हे सांगायलाही ‘कोन्येसेर’चाच भूतकाळ लागतो. तिथे इंग्रजीला ‘मीट’ हे दुसरंच क्रियापद शोधावं लागतं.

मराठी प्रत्येक वेळी तारून नेते असं नाही. ती कुठे फसवते ते प्रश्न 5 मध्ये आहे.

4. ‘कॅन’साठी ‘पोदेर’ शिकलो, पण ‘मला पोहता येतं’ या वाक्यात ते चूक का ठरतं?

मराठीत तुम्ही काय म्हणालात पाहा: ‘पोहता येतं.’ हे कौशल्य आहे, शिकून आलेलं. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘साबेर’ लागतं: ‘सेइ नादार’. शब्दशः, पोहणं जाणतो.

‘इथे पोहलं तर चालेल का?’ हा परवानगीचा प्रश्न आहे. त्याला ‘पोदेर’: ‘पोसो नादार आकी?’

‘आज खांदा दुखतोय, पोहणं जमणार नाही’ यात कौशल्य शाबूत आहे, परवानगीही आहे, फक्त आज ते पार पडत नाही. त्याला ‘कोंसेगीर’: ‘ओझे नाँव कोंसीगो नादार’.

येणं, चालणं, जमणं. इंग्रजीचा एक ‘कॅन’ मराठीने जिथे तोडला तिथेच पोर्तुगीजनेही तोडला आहे. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण एकदा ही तीन मराठी क्रियापदं मनात पक्की झाली की पोर्तुगीज क्रियापद निवडताना पुन्हा अडायला होत नाही.

5. मराठीवर विसंबून कुठे चूक होऊ शकते?

जिथे मराठी इंग्रजीसारखीच एका शब्दावर भागवते तिथे.

सगळ्यात जास्त चुका ‘प्ले’मध्ये होतात. आपण फुटबॉलही खेळतो, बुद्धिबळही खेळतो, आणि लहान मुलं अंगणात नुसतीच खेळतात. पोर्तुगीजमध्ये नियमांचा खेळ ‘झोगार’, आणि मुलांचं मोकळं खेळणं ‘ब्रिंकार’. मोठ्या माणसांच्या बाबतीत ‘ब्रिंकार’ म्हणजे गंमत करणं. वाद्य वाजवणं हे ‘तोकार’. तिथे मराठी आपल्याला वाचवते, कारण आपण वाद्य खेळत नाही. रंगमंचावरचं नाटक म्हणजे ‘पेसा’, आणि ध्वनिफीत किंवा व्हिडिओ चालू करणं ‘रेप्रोदुजीर’.

‘कॉर्नर’चंही तसंच. आपल्याला खोलीचाही कोपरा आणि रस्त्याचाही कोपरा. पोर्तुगीजमध्ये आतून दिसणारा कोपरा ‘कांतो’, बाहेरून वळसा घ्यावा लागतो तो ‘एस्कीना’. ‘इअर’ बाहेरून दिसणारा कान असेल तर ‘ओरेल्या’, ऐकण्याचं आतलं इंद्रिय असेल तर ‘ओव्हीदो’. कान दुखतो तेव्हा सहसा ‘ओव्हीदो’ दुखत असतो. घराच्या खोलीची भिंत ‘पारेदे’, कुंपणाची ‘मुरो’, आणि शहराची किंवा किल्ल्याची तटबंदी ‘मुराल्या’.

आणखी एक बारीक जागा: ‘मला लिस्बन माहीत आहे’ असं आपण म्हणतो, म्हणून हात ‘साबेर’कडे जातो. पण गावाशी, देशाशी, पुस्तकाशी असलेला परिचय हा ‘कोन्येसेर’च.

6. ‘टाइम’साठी ‘तेंपो’ शिकवलं होतं. मग ‘तीन वेळा’ म्हणताना ते का चालत नाही?

कारण ‘वेळ’ आणि ‘वेळा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी कानाला ते लगेच कळतं. मोजता न येणारी, जाणारी, पुरणारी, वाया जाणारी वेळ म्हणजे ‘तेंपो’. मोजता येणारी खेप म्हणजे ‘वेज’, अनेकवचन ‘वेजेस’: ‘त्रेस वेजेस’ म्हणजे तीनदा. पहिल्यांदा म्हणजे ‘प्रिमेइरा वेज’, कधीकधी म्हणजे ‘आस वेजेस’. पाढे म्हणतानाही हाच शब्द: ‘दुआस वेजेस त्रेस’, दोन गुणिले तीन. खेळताना ‘तुझी पाळी’ म्हणायचं असेल तरी ‘आ तुआ वेज’.

घड्याळाची वेळ विचारताना ‘तेंपो’ अजिबात नको. ‘किती वाजले?’ हे ‘के ओरास साँव?’, म्हणजे प्रश्न तासांचा आहे. ऐतिहासिक काळ ‘एपोका’ किंवा ‘तेंपो’. ‘मजा आली’ या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आला तर त्यातला ‘टाइम’ विसरून जा आणि ‘दिव्हेर्तीर-से’ हे क्रियापद वापरा.

शिवाय ‘तेंपो’चा स्वतःचा एक अर्थ इंग्रजी ‘टाइम’मध्ये नाही: हवामान. ‘कोमो एस्ता ओ तेंपो?’ असं कुणी विचारलं तर पाऊस आहे की ऊन ते सांगा.

7. ‘सेर’ कायमचं आणि ‘एस्तार’ तात्पुरतं, हा नियम पुरेसा आहे का?

‘असणं’साठीच्या या दोन क्रियापदांचा हा नियम सुरुवातीला कामाला येतो, पण त्याच्यावर घर बांधू नका. मृत्यूइतकं कायमचं काही नाही, तरी ‘तो मेलेला आहे’ याला ‘एस्तार’ लागतं: ‘एस्ता मोर्तो’. उलट ‘विवाहित असणं’ याला सहसा ‘सेर’. मी असं समजावते: ‘सेर’ सांगतं की वस्तू किंवा माणूस काय आहे, कोणत्या वर्गातला आहे, ‘एस्तार’ सांगतं की त्याची अवस्था काय आहे. मेलेला असणं ही अवस्था. नवरा किंवा बायको असणं ही ओळख.

इथे मराठीची मदत थोडीच होते, कारण आपलं ‘आहे’ दोन्हीकडे चालतं. ‘सूप छान आहे’ हे आत्ता चमचा तोंडात असताना म्हणत असाल तर ‘एस्ता’, आणि सूप या पदार्थाबद्दल सर्वसाधारण मत देत असाल तर ‘ए’, म्हणजे ‘सेर’चं रूप.

ठिकाण सांगताना तिसरं क्रियापद येतं. हलणाऱ्या गोष्टीला ‘एस्तार’: किल्ली टेबलावर आहे. इमारत, गाव, रस्ता अशा न हलणाऱ्या गोष्टीला ‘फिकार’ (‘सेर’ही चालतं). आणि ‘फिकार’चे आणखी दोन अर्थ आहेत, ‘राहणं’ आणि ‘होणं’. ‘फिकार दोएंते’ म्हणजे आजारी पडणं.

8. ‘गेट’साठी सगळ्यात जवळचा शब्द कुठला?

असा शब्द नाही, आणि शोधूही नये. ‘गेट’ हे इंग्रजीतलं भरणीचं क्रियापद आहे. त्याच्या जागी खरं क्रियापद ठेवा, मग अनुवाद करा. पत्र मिळालं: ‘रेसेबेर’. घरी पोहोचलो: ‘शेगार’. चिडला: ‘फिकार’. साध्य झालं: ‘कोंसेगीर’ (प्रश्न 4). उठणं, कपडे घालणं, लग्न करणं यांना बहुतेक वेळा ‘-से’ जोडलेली क्रियापदं.

‘समजलं’ या अर्थाने पोर्तुगालमध्ये ‘पेर्सेबेर’ सर्रास ऐकू येतं, पण ब्राझीलमध्ये त्याचा अर्थ लक्षात येणं, जाणवणं असा होतो. दोन्हीकडे चालेल असं हवं असेल तर ‘एंतेंदेर’. बस पकडणं हे पोर्तुगालमध्ये ‘आपान्यार’ आणि ब्राझीलमध्ये ‘पेगार’. ब्राझीलमध्ये ‘आपान्यार’ ऐकलं की मार खाणं हा अर्थ चटकन मनात येतो.

9. ‘आय मिस यू’ म्हणायचं तर ‘सावदादे’ वापरायचं ना? तो शब्द अनुवाद न होणारा आहे असं वाचलं.

रोजच्या वापरात त्याचा अनुवाद होतो, आणि मराठीत तर अगदी सहज: ‘तुझी आठवण येते.’ पोर्तुगालमध्ये ‘तेन्यो सावदादेस तुआस’, ब्राझीलमध्ये ‘एस्तो कों सावदादे दे वोसे’. कवितेत, गाण्यात, आठवणींच्या लेखनात त्या शब्दाला जी खोली येते तिला एकच मराठी शब्द पुरणार नाही हे खरं. तिथे ओढ, हुरहुर, विरह यांपैकी संदर्भाला जवळचं ते घ्यावं. पण ‘अनुवाद होत नाही’ असं म्हणून प्रत्येक ठिकाणी मूळ शब्द तसाच ठेवला तर साधं घरगुती पत्रही उगाच गूढ होतं.

बाकीचे ‘मिस’ सोपे आहेत. गाडी चुकली: ‘पेर्देर’. नेम चुकला: ‘फाल्यार’ किंवा ‘एर्रार’.

10. रस्ता विचारला तर ‘दिरेइतो’ म्हणाले. उजवीकडे वळायचं का?

नाही, सरळ जायचं! उजवी बाजू म्हणजे ‘दिरेइता’, स्त्रीलिंगी. पोर्तुगालमध्ये ‘आ दिरेइतो’ म्हणजे नाकासमोर. शेवटच्या एका स्वराने रस्ता बदलतो. स्वतः सांगताना ‘एं फ्रेंते’ म्हणावं, म्हणजे गोंधळ नको.

‘राइट’चे बाकी अर्थ: हक्क आणि कायदा हा विषय दोन्ही ‘दिरेइतो’, बरोबर उत्तर ‘सेर्तो’, आणि ‘तुझं बरोबर आहे’ म्हणताना ‘तेर राजाँव’. तिथे ‘सेर’ किंवा ‘एस्तार’ वापरत नाहीत, ‘तुझ्याकडे कारण आहे’ अशी रचना येते.

11. ‘यू’ला ‘तू’ आणि ‘वोसे’ म्हणजे आपले तू आणि तुम्ही, बरोबर?

एवढं सरळ नाही. ब्राझीलच्या मोठ्या भागात ‘वोसे’ हेच साधं, मित्रालाही चालणारं संबोधन आहे. दक्षिणेच्या आणि ईशान्येच्या काही भागांत ‘तू’ ऐकू येतं. पोर्तुगालमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’, आणि ‘वोसे’ तोंडावर म्हटलं तर अनेकांना ते रुक्ष, कधी उद्धट वाटतं. आदर दाखवायचा तर दोन्ही देशांत ‘ओ सेन्योर’, ‘आ सेन्योरा’. पोर्तुगालमध्ये पुष्कळदा सर्वनाम गाळून फक्त तृतीयपुरुषी क्रियापद वापरतात.

गंमत अशी की ‘वोसे’ मुळात ‘व्होसा मेर्से’ या अतिशय आदराच्या संबोधनातून झिजत आला आहे. म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येतं.

12. ब्राझीलसाठी आणि पोर्तुगालसाठी वेगळा अनुवाद करावा लागतो का? स्पेलिंग तर एक झालं आहे ना?

करावा लागतो. 1990 मध्ये लिस्बनला सही झालेल्या शुद्धलेखन कराराने स्पेलिंग बरंचसं जवळ आणलं, आणि ब्राझीलमध्ये 1 जानेवारी 2016 पासून ते बंधनकारक आहे. पण करार अक्षरांचा आहे, शब्दसंग्रहाचा नाही.

‘सेव्ह’ पाहा. फाइल सेव्ह करणं पोर्तुगालमध्ये ‘ग्वार्दार’, ब्राझीलमध्ये ‘साल्वार’. जीव वाचवणं दोन्हीकडे ‘साल्वार’. पैसे किंवा वेळ वाचवणं ‘पोपार’ किंवा ‘एकोनोमिजार’. गोलरक्षकाने गोल वाचवला तर ‘देफेंदेर’. ती ‘फाइल’सुद्धा पोर्तुगालमध्ये ‘फिशेइरो’ आणि ब्राझीलमध्ये ‘आर्किवो’; धातू घासायची कानस असेल तर दोन्हीकडे ‘लीमा’.

काही शब्दांना फार जपावं. ‘फातो’ ब्राझीलमध्ये वस्तुस्थिती, पोर्तुगालमध्ये अंगावरचा सूट. पोर्तुगालमध्ये वस्तुस्थितीला ‘फाक्तो’ म्हणतात, आणि तिथे क उच्चारला जातो म्हणून करारानंतरही तो टिकला. ‘प्रोपीना’ पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी, ब्राझीलमध्ये लाच. शैक्षणिक मजकुरात ही चूक फार वाईट दिसते. अंगोला, मोझांबिकसारख्या देशांसाठी लेखी मजकूर असेल तर प्रमाणभाषा पोर्तुगालच्या जवळची धरतात.

13. नुसत्या लिंगबदलाने अर्थ बदलतो का?

हो, आणि ‘कॅपिटल’ हे त्याचं चांगलं उदाहरण. ‘ओ कापिताल’, पुल्लिंगी: भांडवल. ‘आ कापिताल’, स्त्रीलिंगी: राजधानी. स्पेलिंगमध्ये काडीचा फरक नाही. मोठं अक्षर म्हणजे मात्र ‘मायुस्कुला’, वेगळाच शब्द. त्यामुळे नवीन नाम शिकताना त्याचं ‘ओ’ किंवा ‘आ’ त्याच्यासोबतच पाठ करा.

14. शब्द इंग्रजीसारखाच दिसतो, तर तोच अर्थ धरावा का?

दारावरची पाटी आठवा. ‘पुशे’ लिहिलेलं असतं, म्हणून आपण ढकलतो, आणि दार हलत नाही. ‘पुशार’ म्हणजे ओढणं, ढकलायला ‘एंपुर्रे’.

‘प्रेतेंदेर’ म्हणजे सोंग करणं नव्हे, इरादा असणं. ‘एस्किजीतो’ म्हणजे ‘एक्स्क्विझिट’ (अप्रतिम) नव्हे, विचित्र. ‘एवेंतुआल्मेंते’ म्हणजे ‘अखेरीस’ नव्हे, ‘कदाचित, प्रसंगी’. करारपत्रात हा फरक महागात पडतो. ‘पास्ता’ म्हणजे संगणकातलं फोल्डरही. आणि पोर्तुगालमध्ये कुणी ‘कोंस्तिपादो’ असल्याचं सांगितलं तर त्याला बद्धकोष्ठ नव्हे, सर्दी झाली आहे.

15. ॲपच्या अनुवादात फक्त एकेक शब्दांची यादी मिळते. वाक्यच नसेल तर काय करायचं?

विचारा. लाजू नका, वेळ नाही म्हणूनही सोडू नका. ‘ओपन’ हे बटण असेल तर ‘आब्रीर’, आणि दुकान उघडं असल्याची पाटी असेल तर ‘आबेर्तो’. ‘क्लोज’ बंद करा असेल तर ‘फेशार’, जवळ असेल तर ‘पेर्तो’. ‘फ्री’ फुकट असेल तर ‘ग्रातिस’, मोकळं असेल तर ‘लीव्रे’. ‘बॅक’ मागे जा असेल तर ‘व्होल्तार’, पाठ असेल तर ‘कोस्तास’.

‘ऑर्डर’ सगळ्यात त्रासदायक. क्रम आणि हुकूम दोन्ही ‘ओर्दें’. हॉटेलातली मागणी ‘पेदीदो’. ऑनलाइन मागवलेली वस्तू पोर्तुगालमध्ये ‘एंकोमेंदा’, ब्राझीलमध्ये ‘पेदीदो’. एकदा माझ्याकडे आलेल्या यादीत हा शब्द तीनदा होता, आणि विचारल्यावर कळलं की तिन्ही जागी अर्थ निराळा. पडद्याचं चित्र मागवा. ते मिळणार नसेल तर निदान ते बटण आहे, शीर्षक आहे की स्थिती, एवढं तरी लिहून घ्या.

16. उलट बाजूनेही असं होतं का?

होतं. ‘एस्पेरार’ म्हणजे वाट पाहणं, आशा करणं आणि अपेक्षा करणं, तिन्ही. ‘देदो’ म्हणजे हाताचं आणि पायाचंही बोट, जसं मराठीत. ‘साबेर’ पोर्तुगालमध्ये चवीसाठीही वापरतात: एखादी गोष्ट लिंबासारखी लागते, हे सांगायला हेच क्रियापद. पोर्तुगीजमधून इंग्रजीत जाताना असे शब्द अडवतात, मराठीत येताना त्यातले काही आपोआप सुटतात.

17. शब्दकोश वापरावा की ॲप?

ॲपला पूर्ण वाक्य दिलंत तर बऱ्याचदा योग्य शब्द मिळतो. एकटा शब्द दिलात तर ते सर्वांत प्रचलित अर्थ उचलतं. शब्दकोशात पहिला अर्थ पाहून थांबू नका. मिळालेला शब्द पोर्तुगीज-पोर्तुगीज कोशात उलटून तपासा: पोर्तुगालसाठी प्रिबेराम किंवा इन्फोपेदिया, ब्राझीलसाठी ओवाइस किंवा मिकाएलिस. व्याख्या आणि उदाहरणं तुमच्या वाक्याला लागू पडतात का, ते बघा. उलट अनुवाद करून पडताळणं पुरेसं नाही. ‘बांको’ उलटवलं तर ‘बँक’च मिळेल, मग तुमच्या वाक्यात नदी का असेना.

18. लेखकाला मुद्दाम दोन्ही अर्थ हवे असतील तर?

श्लेष असेल तर वर सांगितलेलं सगळं उलटं करावं लागतं: अर्थ सुटे करायचे नाहीत, एकत्र ठेवणारा पोर्तुगीज शब्द शोधायचा. बहुतेक वेळा तो त्याच जागी सापडत नाही. मग शेजारच्या ओळीत शोधा. पोर्तुगीजची स्वतःची श्लेषसंपत्ती मोठी आहे: ‘मांगा’ म्हणजे आंबा आणि बाही, ‘कांतो’ म्हणजे कोपरा, गायन आणि ‘मी गातो’.

समजा, इंग्रजी मजकुरात एक कोळी नदीकाठी बसून म्हणतो की माझी सगळी कमाई ‘बँक’वरच आहे. काठ आणि बँक पोर्तुगीजमध्ये जुळत नाहीत, हे प्रश्न 2 मध्ये पाहिलं. अशा वेळी मी नदी तशीच ठेवते, मासेही तसेच ठेवते, आणि कोळ्याला काठावरून उठवून एका बाकावर बसवते. आता त्याची कमाई ‘बांको’वर आहे.